तुरुंगातील साक्षरता : शिकणारा आणि शिकविणारा एकाच रांगेत

१९८१ साली मी पदवीच्या दुसऱ्या वर्गात शिकत होतो. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाला होता आणि त्याचे वारे आमच्या महाविद्यालयापर्यंतही येऊन पोहोचले होते. राष्ट्रीय सेवा योजनेतून आम्हा चौघा विद्यार्थ्यांकडे बाजारपेठेमागच्या एका वस्तीतला रात्रीचा वर्ग सोपविण्यात आला. एक कंदील, एक फळा, खडूंची पेटी, वीस पाट्या आणि आमचा उत्साह, एवढेच भांडवल होते.

या वर्गात धान्याच्या वखारीतला एक हमाल येत असे. वय पंचेचाळीसच्या घरातले. दिवसभर पोती वाहणारा हा धडधाकट माणूस हाती पाटीवरची पेन्सिल आली की घामाघूम होई. दोन आठवड्यांनंतर एका रात्री मी त्याला फळ्यापाशी बोलावले आणि 'कमळ' हा शब्द वाचावयास सांगितला. 'क' त्याने ओळखला. 'म'पाशी तो अडला. मी तेव्हा वीस वर्षांचा. सर्वांसमक्ष मी म्हणालो, "काका, हे कालच शिकवलं ना? लक्ष कुठं असतं तुमचं?" मागे बसलेली पोरे हसली. त्यांत त्याचा मुलगाही होता. तो काही बोलला नाही. खडू जागच्या जागी ठेवला, हात धोतराला पुसले आणि निघून गेला. तो पुन्हा वर्गाला आला नाही.

तीन महिन्यांनी वखारीवरून जात असता तो मला दिसला. दुपारची सुट्टी होती. पोत्यांच्या थप्पीला टेकून तो आणि त्याचा एक सोबती पोत्यांवरचे शिक्के वाचीत होते. मालाचे नाव, गावाचे नाव, व्यापाऱ्याचे नाव. सोबती स्वतः जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेला. काका चुकले की तो एवढेच म्हणे, "परत बघ." मला पाहून तो हसला व म्हणाला, "या सर, बसा. आमची शाळा हितं भरते."

जे मला फळा-खडू घेऊन साधले नाही ते तिसरी शिकलेल्या हमालाला का साधावे, हा प्रश्न मला पुढे कित्येक वर्षे सोडून गेला नाही. अध्यापनाच्या निमित्ताने प्रौढ शिक्षणावरचे जे वाचावयास मिळाले ते वाचीत गेलो, आणि या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला तुरुंगांच्या हकिकतींत सापडले. मी स्वतः तुरुंगात शिकविलेले नाही. पुढे जे लिहिले आहे ते वाचनातून आणि त्यावर केलेल्या विचारातून आलेले आहे.

न वाचता येण्याची किंमत

भारतीय तुरुंगांविषयीच्या सरकारी आकडेवारीनुसार २०१९ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ४ लाख ७८ हजारांहून अधिक बंदी होते. त्यांपैकी शंभरांत सुमारे अठ्ठावीस निरक्षर होते, आणि आणखी एकेचाळीस-बेचाळीस जण दहावीपर्यंतही पोहोचलेले नव्हते. त्याच वर्षी शंभरांत एकोणसत्तर बंदी कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल अद्याप लागावयाचा होता.

बाहेरच्या जगात निरक्षर माणूस कशीबशी वाट काढतो. बसची पाटी कुणाला तरी विचारतो, दुकानदाराच्या हिशेबावर विश्वास ठेवतो. तुरुंगात मात्र त्याचे सारे जगणे कागदावर येऊन ठेपते. वकीलपत्र, जामिनाचा अर्ज, पुढील तारीख, घरचे पत्र. ज्या कागदावर अंगठा उमटवावयाचा त्यात काय लिहिले आहे हे त्याला कळत नाही. घरून पत्र आले तर ते वाचून दाखविणारा बराकीतला साक्षर सोबती त्याच्या बायकोचे आजारपण, भावकीतला तंटा, मुलीच्या लग्नाची बोलणी, सारे त्याच्या आधी जाणतो. अशा ठिकाणी वाचता येणे ही एक सत्ता होते. जो वाचून दाखवितो त्याच्यापुढे न वाचणाऱ्याला मान तुकवावी लागते. साक्षर बंद्याने निरक्षर बंद्याला वाचून दाखविण्याऐवजी वाचावयास शिकविणे म्हणजे आपल्या हातातली ही सत्ता आपण होऊन सोडून देणे होय. या उपक्रमाचे नैतिक मोल येथे आहे, असे मला वाटते.

जुनी परंपरा

शिकणाऱ्याने शिकवावे ही कल्पना आपल्याला नवी नाही. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून धुळाक्षरे गिरवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी आपल्याकडची मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली आणि तीच रीत आपल्या आश्रमात आणली. पगारी शिक्षक ती पद्धत स्वीकारीनात, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपविला आणि तो त्याने उत्तम चालविला. १७९७ मध्ये बेल यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिले आणि 'मद्रास पद्धती' इंग्लंडात पोहोचली. पुढे तिकडे एका मॉनिटरच्या गळ्यात मुलांचे तांडेच्या तांडे बांधण्यात आले, शिकविणे म्हणजे सामुदायिक घोकंपट्टी होऊन बसली, आणि पद्धत मागे पडली. हा इशारा आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचे काम आहे.

तुरुंगातील पहिल्या उदाहरणांपैकी एक लंडनच्या न्यूगेट तुरुंगातले आहे. एलिझाबेथ फ्राय या क्वेकर पंथाच्या बाई १८१३ मध्ये तेथील स्त्री-कैद्यांना प्रथम भेटल्या. पुढे तेथील मुलांसाठी एका रिकाम्या कोठडीत शाळा काढावयाचे ठरले, तेव्हा शिक्षिका बाहेरून आणली गेली नाही. घड्याळ चोरल्याच्या आरोपावरून आत आलेल्या मेरी कॉनर या कैदी स्त्रीची त्या कामी निवड झाली. शाळा मुलांसाठी होती, पण तरुण स्त्रिया दाराशी येऊन आम्हालाही शिकवा म्हणून विनवू लागल्या. कोठडी लहान असल्याने सर्वांना घेता येईना. मेरी कॉनरला सुमारे सव्वा वर्षाने माफी मिळाली. पण तोवर क्षयाने तिला गाठले होते, आणि त्यातच तिचा अंत झाला.

मराठी वाचकाला येथे सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'ची आठवण होईल. अंदमानच्या कारागृहात बंद्यांना साक्षर करण्यासाठी झालेल्या खटपटींचे वर्णन त्या ग्रंथात आहे. दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटावरचे राजबंदीही चुनखडीच्या खाणीत काम करता करता एकमेकांना शिकवीत. पण राजबंद्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्यापाशी शिक्षणाचा वारसा असतो आणि एका ध्येयाचे बळ असते. चोरीमारीच्या, दारूच्या, शेताच्या बांधावरून झालेल्या हाणामारीच्या गुन्ह्यात आत आलेल्या साध्या माणसापाशी यातले काही नसते. त्याला शिकवावयाचे तर पद्धत हवी.

अशी पद्धत शोधण्याचा एक मोठा प्रयत्न फ्रँक लॉबाख यांनी १९३० च्या सुमारास फिलिपाइन्समधील लानाओ भागात केला. शिक्षकांना द्यावयास पैसा उरला नाही, तेव्हा तेथील एका मुखियाने सुचविले की जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकविलेच पाहिजे. 'एकाने एकाला शिकवावे' हे पुढे जगभर गाजलेले सूत्र त्यातून निघाले. पैशाच्या टंचाईतून निघालेला हा उपाय शिक्षणाच्या दृष्टीनेही योग्य ठरला, ही त्यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

वीस मिनिटांचा पाठ

आजच्या काळातले सुसंघटित उदाहरण ब्रिटनमधील शॅनन ट्रस्टचे आहे. ख्रिस्तोफर मॉर्गन नावाचा एक शेतकरी आणि टॉम शॅनन या नावाने लिहिणारा जन्मठेपेचा एक कैदी यांच्यात अनेक वर्षे पत्रव्यवहार झाला. तो १९९६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्याच्या मानधनातून पुढील वर्षी ही संस्था उभी राहिली. वाचता येणाऱ्या कैद्याने न वाचता येणाऱ्या कैद्याला शिकवावे, हे तिचे कार्य.

या कामासाठी संस्थेने आरंभी 'टो बाय टो' हे पुस्तक वापरले. केडा काउलिंग या शिक्षिकेने ते तयार केले होते. त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. शिकविणाऱ्यासाठी सूचना त्याच पानावर छापलेल्या असतात, त्यामुळे त्याला वेगळ्या प्रशिक्षणाची फारशी गरज पडत नाही. शब्द बरोबर वाचला की त्यापुढे बरोबरची खूण, चुकला की टिंब. ओळीने तीन वेगवेगळ्या दिवशी बरोबर वाचल्याखेरीज तो शब्द 'आला' असे मानावयाचे नाही. मधूनमधून मुद्दाम निरर्थक शब्द घातलेले असतात. कारण प्रौढ माणूस चतुर असतो. पहिले अक्षर पाहून तो उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देतो. निरर्थक शब्दाचा अंदाज बांधता येत नाही, अक्षरच वाचावे लागते. २०१५ पासून संस्थेने प्रौढांसाठी खास तयार केलेली 'टर्निंग पेजेस' ही पुस्तकमाला वापरात आणली. पाठाची रीत मात्र तीच राहिली: एकास एक, दररोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस.

या वीस मिनिटांत बरेच शहाणपण आहे. थकलेल्या, अस्वस्थ मनाचे लक्ष तेवढाच वेळ टिकते. दोघेच असल्याने चूक तिसऱ्याला कळत नाही. आणि खुणा पुस्तकातच असल्याने शिकविणाऱ्याची बदली दुसऱ्या तुरुंगात झाली किंवा शिकणाराच हलविला गेला, तरी पुस्तक बरोबर जाते आणि नवा सोबती त्याच पानावरून पुढे सुरू करू शकतो. आपल्याकडे तर बहुसंख्य बंदी कच्चे कैदी. उद्या जामीन होईल की दोन वर्षे राहावे लागेल हे त्यांना ठाऊक नसते. अशांना जून ते एप्रिलचे शालेय वर्ष काय कामाचे? वीस मिनिटांचा पाठ मात्र सुटून जाणाऱ्याच्याही पदरात काहीतरी टाकतो.

आपल्या देशात दिल्लीच्या तिहार तुरुंगात किरण बेदी या १९९३ ते १९९५ या काळात महानिरीक्षक असताना शिक्षणाला मोठी चालना मिळाली आणि शिकलेल्या बंद्यांनी आपल्या सोबत्यांचे वर्ग घेतले. तेथील 'पढो और पढाओ' हा उपक्रम याच विचाराचा. शिकविणाराही त्यातून काही मिळवितो. ज्याला आयुष्यभर 'गुन्हेगार' हीच हाक ऐकावयाची आहे, त्याला कुणीतरी प्रथमच 'मास्तर' म्हणते. माणूस आपल्याला मिळालेल्या नावाप्रमाणे वागावयाचा प्रयत्न करतो, हा आपण शिक्षक मंडळींचा वर्गातला नेहमीचा अनुभव आहे.

दोष आणि धोके

या पद्धतीचे गोडवे गाऊन थांबणे योग्य होणार नाही. शिकविणारा बंदी उद्या शिकविण्याचे मोल मागू लागेल. कधी विडीकाडीच्या रूपाने, कधी सेवाचाकरीच्या. म्हणून जोडी कुणाची लावावी हे पाहणारा आणि शिकणाऱ्याला सहज भेटेल असा जबाबदार अधिकारी असलाच पाहिजे. शिकविणाऱ्याचे स्वतःचे ज्ञान अपुरे असू शकते. ज्याची दृष्टी अधू आहे किंवा ज्याला अक्षरे ओळखण्यातच जन्मजात अडचण आहे, त्याला केवळ सोबती पुरत नाही. तेथे डॉक्टर आणि तज्ज्ञ शिक्षक लागतो. माझ्या वर्गातला तो हमाल पंचेचाळिशीचा होता. कंदिलाच्या उजेडात पाटीवरचे अक्षर त्याला नीट दिसत तरी होते काय, हे विचारणे मला सुचले नव्हते. प्रौढ वर्गाची पहिली गरज कित्येकदा पुस्तकाआधी चष्म्याची असते.

सर्वांत मोठा धोका मद्रास पद्धतीचाच आहे: फुकटात होते म्हणून खऱ्या शिक्षकाला रजा देणे. इंग्लंडमधील शिक्षण-तपासणी खाते आणि तुरुंग-तपासणी खाते यांनी मार्च २०२२ मध्ये तुरुंगांतील वाचन-शिक्षणावर संयुक्त अहवाल दिला. प्राथमिक वाचन शिकविण्याचे काम अधिकृत शिक्षण-व्यवस्थेने अंगावर न घेता बहुतांशी स्वयंसेवी संस्था आणि कैदी-सोबत्यांवर सोडून दिले आहे, असा ठपका त्यात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये मान्य केलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'तील १०४ व्या नियमानुसार निरक्षर बंद्यांचे शिक्षण सक्तीचे आहे. म्हणजे ते प्रशासनाचे कर्तव्य आहे. सोबत्याने त्या कर्तव्यास हात द्यावा. त्याचे ओझे एकट्याने वाहू नये.

दोन लिप्यांचा प्रदेश

आता आपल्या भागाकडे वळू. बेळगावकरांना हिंडलग्याचे मध्यवर्ती कारागृह ठाऊक आहे. रस्त्याने जाता-येता आपण ते पाहतो. अशा सीमाभागातील कोणत्याही तुरुंगाचा विचार केला, तर एक अडचण चटकन लक्षात येते. निरक्षर माणसाला शिकवावयाचे, पण कोणती लिपी? घरी मराठी बोलणाऱ्याचे पत्र देवनागरीत येणार आणि कोर्टाचा कागद बहुधा कन्नडात. शेजारच्या सतरंजीवरचा माणूस कन्नड बोलणारा, पलीकडचा उर्दू. एक शिक्षक, एक फळा आणि एक पुस्तक घेऊन या सर्वांना कसे शिकविणार? सोबत्याकडून शिकण्याची पद्धत येथे सहज उपयोगी पडते. प्रत्येकाला त्याच्या लिपीचा सोबती शोधून देता येतो. शिवाय आज मराठी शिकलेला उद्या शेजाऱ्याकडून कन्नड अक्षरे शिकू शकतो आणि त्याला आपली देऊ शकतो.

एक गंमत मला शब्दांच्या याद्या करताना आढळली. तुरुंगातल्या माणसाला ज्या शब्दांची आच असते ते शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत. मराठीत तारीख, वकील, जामीन, अर्ज. कन्नडात तारीखु, वकीलरु, जामीनु, अर्जी. मग 'कमळ' आणि 'बदक' यांपासून प्रारंभ कशासाठी? पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचे बदकाशी काय काम? 'तारीख' शिकविला की काना आणि दीर्घ वेलांटी येते. 'वकील' आणि 'जामीन' यांनी तीच वेलांटी पक्की होते. 'अर्ज'ने रफार येतो. हे शब्द तो मन लावून शिकेल, कारण त्याचे पुढचे दिवस त्या शब्दांवर अवलंबून आहेत.

लिपीच्या अडचणीही सोबत्यालाच नेमक्या ठाऊक असतात. 'दिवस' लिहिताना पहिली वेलांटी 'द'च्या आधी येते आणि उच्चार मात्र नंतर होतो. नव्याने वाचणारा येथे हमखास अडतो. 'अर्ज'मधला 'र' देवनागरीत पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, तर कन्नडातला अर्कावत्तु अक्षराच्या उजवीकडे जातो. आपल्यासारख्यांना बालपणीच हे अंगवळणी पडल्यामुळे यात अवघड ते काय, हेच आपण विसरून गेलो आहोत. सहा महिन्यांपूर्वी वाचावयास शिकलेला माणूस आपण कोठे ठेचकाळलो ते विसरलेला नसतो. माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. उरलेले निम्मे त्या हमालाच्या सोबत्याच्या "परत बघ" या दोन शब्दांत आहे. मी विचारले होते, "लक्ष कुठं असतं?" माझ्या प्रश्नाने माणसाचा दोष दाखविला, त्याच्या शब्दांनी त्याला अक्षराकडे वळविले.

आपण काय करावे?

विद्यार्थिमित्रहो, तुरुंगाची दारे आपल्यासाठी रोज उघडी नसतात आणि परवानगीवाचून तेथे जाता येत नाही, हे खरे. पण या अंकाच्या दोन विभागांचे लेखक-वाचक एकत्र बसले, तर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत याच उपयोगी शब्दांची तक्तापत्रे सहज तयार करू शकतील. प्रत्येक पत्रावर शिकविणाऱ्यासाठी चार ओळींची सूचना आणि खुणांसाठी रकाने असावेत. मराठी विभागाने शब्द निवडावेत, कन्नड विभागाने ते तपासावेत, आणि उलटही व्हावे. प्राचार्यांच्या मार्फत ती कारागृह-प्रशासनाकडे देता येतील. पुढे प्रवेश मिळालाच, तर बंद्यांना शिकविण्याऐवजी त्यांच्यातल्या शिकविणाऱ्यांना तयार करण्यात आपला वेळ घालवावा. आपण तासभर जाऊन परत येणार. ते रात्रंदिवस तेथेच असतात.

आणि परवानगी येईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. वसतिगृहाच्या भोजनालयात, इमारतीच्या बांधकामावर, महाविद्यालयाच्या मागच्या दारी अंगठा उमटविणारी माणसे आजही भेटतात. त्यांतला एक जण निवडावा, त्याच्याशेजारी बसावे, रोज वीस मिनिटे द्यावीत, आणि तो अक्षरापाशी अडला तर कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणावे, "परत बघा, काका." मला हे वेळेवर सुचले नाही. तुम्हाला सुचावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.